पुराच्या प्रकल्पासाठी लिंका ढीगभर जमल्यात, पण वेळेवर एकही सापडत नाही. तुम्ही काय वापरता?

वाशिष्ठीकाठची_बाई

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या एका अनुदानित हायस्कुलात नववी-दहावीला भूगोल आणि जलसुरक्षा शिकवते. यंदा नववीला प्रकल्प दिलाय, २२ जुलै २०२१ चा आपला पूर. तेव्हा ही पोरं पाचवीत होती. कुणाच्या घरात पाणी माळ्यापर्यंत गेलेलं, कुणी रात्र गच्चीवर काढलेली. आठवणी पक्क्या आहेत, पण पूर आला का असं विचारलं की जो तो घरी ऐकलेलं सांगतो. एक म्हणतो कोळकेवाडी धरणातनं पाणी सोडलं. दुसरी म्हणते समुद्राला भरती होती म्हणून पाणी तुंबलं. तिसऱ्याच्या आजोबांच्या मते वाशिष्ठी नदीत गाळ साचलाय आणि काठावर बांधकामं झाल्येत. तेव्हा म्हटलं, गट पाडू. एका गटाने एक कारण घ्यायचं, नेटवर त्याबद्दल जे मिळेल ते गोळा करायचं, वाचायचं, वर्गात मांडायचं.

गोळा करण्यापर्यंत सगळं झकास झालं. आता त्या लिंका वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडल्यात आणि त्यांच्यावर परीक्षा फॉर्मची सूचना, हरवलेली छत्री, कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक असं सगळं येऊन बसलंय. रोज एक तरी मेसेज येतो, "बाई ती लिंक परत टाका ना." कोणती ती? "ती ओ, धरणाची." मेसेजला स्टार करून ठेवा म्हणावं, तर फोन वडिलांचा आणि वडील लोट्याच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. शाळेच्या लॅबमध्ये क्रोमला बुकमार्क करून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवर गाण्यांच्या साइट. मराठी विकिपीडियाची लिंक पाठवली की तिच्यात देवनागरी जाऊन नुसती टक्क्याची चिन्हं आणि आकडे उमटतात. एका पालकाने तो व्हायरस समजून लिंक उघडूच दिली नाही.

मला हवंय ते एवढंच. सगळं एका जागी राहील, मुलांना लॉगिन करावं लागणार नाही, साध्या फोनवर उघडेल, प्रत्येक लिंकेखाली मराठीत चार शब्द लिहिता येतील, आणि पैसे पडणार नाहीत. दुसरं म्हणजे, लिंका मी निवडून द्याव्यात की मुलांनाच शोधू द्याव्यात? स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडलेत.

शिफ्ट_डिलीट

ताई, लिंकडिंग नावाचं ओपन सोर्स बुकमार्क मॅनेजर आहे. जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करून त्यावर डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की झालं. टॅग, शोध, सगळं आहे, आणि डेटा तुमच्याच मशीनवर राहतो. वॉलबॅग नावाचं तसलंच दुसरं साधन घेतलंत तर त्यात लेखाचा मजकूरही साठवता येतो.

वाईकर_ग्रंथपाल

शिफ्टराव, सल्ला चांगला आहे, पण लाइट गेली की सर्व्हर पुन्हा चालू कोण करणार? शिपाईमामा? ते आधी घंटा देतील.

बाई, मी कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि हेच काम पुस्तकांचं आयुष्यभर केलंय, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. साधन कुठलं हा प्रश्न थोडा मागे ठेवा, आधी कार्ड ठरवा. तालिकेच्या ड्रॉवरमध्ये जसं प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असायचं, तसं प्रत्येक लिंकेचं व्हायला हवं. त्यावर काय हवं? लिंक. कोणी लिहिलंय किंवा कोणत्या खात्याचं पान आहे. पानावरची तारीख. आपण उघडलं ती तारीख. आणि दोन ओळी, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, की यात काय आहे आणि आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय. या दोन ओळी नसतील तर लिंक घ्यायचीच नाही, मग ती कितीही भारी असो.

नमुना देतो. समजा, मुलांना पुराच्या दुसऱ्या दिवशीची एक बातमी सापडली. त्याखाली पोरगं बहुधा लिहील, "छान माहिती आहे." ते परत पाठवा. दुसऱ्यांदा लिहील, "चिपळूणच्या पुराची माहिती दिली आहे." तेही परत पाठवा. तिसऱ्यांदा कंटाळून का होईना, पण बातमी खरोखर वाचेल आणि असं काहीतरी लिहील: "बातमी २३ तारखेची आहे. पाणी कधी चढलं आणि कुठवर आलं ते सांगितलंय. का आलं ते नाही. वेळेचा तक्ता करायला ठेवली." हे झालं कार्ड. 'का आलं ते नाही' हे ज्याला दिसलं, त्याचा अर्धा प्रकल्प तिथेच झाला.

आता साधन. तुमच्या अटी बघता गूगल फॉर्म करा आणि त्याची उत्तरं शीटमध्ये पडू द्या. फॉर्ममध्ये वर सांगितलेले रकाने आणि गट क्रमांक, बस. फॉर्म भरायला लॉगिन लागत नाही, फक्त सेटिंगमध्ये 'एकच उत्तर' आणि ईमेल गोळा करणं हे दोन्ही बंद ठेवा, आणि त्यात फाइल अपलोडचा प्रश्न घालू नका, कारण तो घातला की लॉगिन मागतो. वडिलांच्या फोनवर दोन मिनिटांत भरून होतो. दोन ओळी टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलू द्या. शीटची मूळ पत्रिका (म्हणजे पहिला टॅब) फक्त तुमच्याकडे ठेवा. दुसऱ्या पत्रिकेत तुम्ही पसंत केलेल्या लिंका कारणवार लावा आणि तेवढीच पत्रिका वेबवर प्रकाशित करा. तिचा क्यूआर काढून वर्गातल्या फळ्याशेजारी चिकटवा. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर स्कॅन करून पोरांचा हात बसलेला आहे, शिकवावं लागणार नाही.

शीट दिसायला रुक्ष असते हे कबूल. चित्रांसकट, एखाद्या मासिकाच्या पानासारखं हवं असेल तर वेकलेट ही साइट बघा. त्यात संग्रह करता येतो, लिंकांच्या मध्ये आपला मजकूर घालता येतो, क्रम बदलता येतो. संग्रह पूर्ण खासगी, फक्त लिंक असणाऱ्याला दिसणारा किंवा सगळ्यांसाठी खुला, असा ठेवता येतो. शाळेसाठी मधला पर्याय बरा. तुमच्या स्वतःच्या वापरासाठी म्हणाल तर रेनड्रॉप हे बुकमार्क साठवायचं साधन. फोल्डरात फोल्डर होतो, टॅग लागतात, मोफत खात्यात भरपूर भागतं. पानांची कायमची प्रत आणि पानाच्या आतल्या मजकुरात शोध या गोष्टी मात्र पैसेवाल्या खात्यात आहेत. मोठ्या मुलांना, म्हणजे अकरावीपासून पुढे, मी सरळ झोटेरो हे संदर्भ जमवायचं सॉफ्टवेअर शिकवतो. २००६ पासून आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. बटण दाबलं की लेखक, तारीख, शीर्षक आपोआप उचलतं. मराठी पानांवर कधीकधी लेखकाच्या जागी पोर्टलचं नाव उचलतं, तेवढं हाताने दुरुस्त करायचं.

आणि कुठल्याही सेवेच्या प्रेमात पडू नका. डिलिशस आठवतंय का कुणाला? २००३ मध्ये आलं, टॅग लावून लिंका सगळ्यांसमोर ठेवायची सवय जगाला त्यानेच लावली. २००५ ला याहूने घेतलं, २०११ ला विकलं, आणखी हात बदलले आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तसल्याच दुसऱ्या सेवेने विकत घेऊन त्यात नवीन काही टाकणंच बंद केलं. साइटवरचे नवे लेख एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं. लेख साठवून वाचायचं ऑम्निव्होर २०२४ च्या नोव्हेंबरात. त्याच कामाचं पॉकेट २००७ मध्ये 'रीड इट लेटर' नावाने सुरू झालेलं, मोझिलाने घेतलेलं, कोट्यवधी लोकांचं, तेही जुलै २०२५ मध्ये बंद. म्हणून साधन निवडताना मी आधी निर्यातीचं बटण शोधतो. यादी एचटीएमएल किंवा सीएसव्ही प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का? येत असेल तर पुढचं बोलू. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी एकदा काढून ड्राइव्हमध्ये टाकून ठेवा.

सेवा टिकली तरी पानं टिकतात असं नाही. वर्तमानपत्रांच्या साइटची रचना बदलते, जुनी बातमी वर्गणीच्या भिंतीमागे जाते, सरकारी खात्याची साइट नवी झाली की आतल्या सगळ्या लिंका मेल्या. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे ना, त्यात 'सेव्ह पेज नाऊ' म्हणून चौकट आहे. पानाचा पत्ता तिथे टाकायचा, तारीखवार प्रत तयार होते आणि तिची वेगळी लिंक मिळते. ती शीटमध्ये मूळ लिंकेशेजारी ठेवा. लॉगिनमागची पानं मात्र त्यात येत नाहीत. सरकारी अहवाल पीडीएफ असतील तर उतरवूनच घ्या. जुन्या मराठी पीडीएफमध्ये श्रीलिपी किंवा तसले फाँट असतात. दिसायला अक्षर सुंदर, पण 'वाशिष्ठी' शोधा, शून्य. कॉपी करून चिकटवलं तर वेगळीच चिन्हं. अशा फाइलला तुमचं कार्ड हाच एक शोध, म्हणून तिथे पान क्रमांकसुद्धा लिहून घ्या.

टॅगचं सांगतो, कारण इथे सगळ्यांचे हात पोळतात. मुलांना मोकळं सोडलंत तर 'पूर' आणि 'पुर' हे दोन वेगळे टॅग होतील, 'चिपळूण' आणि 'चिपळुण' दोन होतील, 'नववी' शब्दात, देवनागरी आकड्यात आणि इंग्रजी आकड्यात असे तीन. मशीनला शुद्धलेखन कळत नाही. फॉर्ममध्ये टॅग लिहायला देऊच नका, खाली उघडणारी यादी द्या: धरण, पाऊस, भरती, गाळ, बांधकाम, नुकसान, मदतकार्य. एवढे पुरतात. यादीत बसत नाही अशी लिंक आली तर ती तुम्हाला विचारून.

टक्क्यांच्या लिंकेवर उपाय आहे. विकिपीडियाच्या पानावर साधनांच्या यादीत छोटी लिंक मिळते, ती पाठवा. पालक घाबरणार नाहीत.

आता तुमच्या स्टाफरूममधल्या तटांबद्दल. दोघेही अर्धे बरोबर. नववीच्या मुलाला "शोध" म्हणून सोडलं तर तो पहिले तीन निकाल आणि एक व्हिडिओ आणतो. सगळं आपणच ताटात वाढलं तर तो जेवतो, पण स्वयंपाक शिकत नाही. म्हणून प्रत्येक गटाला तीन-चार भक्कम लिंका तुम्ही द्या, उदाहरणार्थ कोयना प्रकल्पाचं पाणी सह्याद्री ओलांडून पोफळीला कसं येतं, कोळकेवाडीत कसं अडतं आणि वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत कसं जातं, हे समजावणारं एखादं पान. हे कळल्याशिवाय धरणाच्या वादातलं काहीच कळायचं नाही. पुढचं त्यांनी शोधायचं. मात्र गटामागे एकूण दहाच लिंका. अकरावी सापडली तर दहातली एक काढायची आणि का काढली ते एका ओळीत लिहायचं. मी कॉलेजच्या मुलांकडून हे करून घेतो, तेव्हा खरी भांडणं 'काय ठेवायचं' यावर न होता 'काय काढायचं' यावर होतात. ती भांडणं ऐकायला मी मुद्दाम शेजारच्या कपाटाची धूळ झटकत उभा राहतो.

एक अट अजून घाला. दहातली निदान एक लिंक स्वतःच्या गटाच्या म्हणण्याविरुद्ध हवी. धरणवाल्यांकडे पाटबंधारे खात्याचं म्हणणं असलंच पाहिजे, आणि भरतीवाल्यांकडे त्या दिवशीची भरतीची वेळ.

मराठी विश्वकोशाचं कार्यालय आमच्या वाईतलं, म्हणून थोडी फुशारकी मारतो. १९७६ मध्ये पहिला खंड आला, आता सगळे खंड नेटवर फुकट आहेत. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. मुलांना पान उघडलं की आधी खाली जाऊन ते नाव बघायची सवय लावा. विकिपीडियावर तसंच खाली जाऊन संदर्भ बघायचे. ज्या पानाच्या वर-खाली कुठेच नाव नाही, तारीख नाही, ते पान कार्ड भरतानाच आपोआप गळतं.

अभ्यासिका_सदाशिवपेठ

ग्रंथपाल सर, दहाच्या नियमाला दंडवत. मी एमपीएससी करतोय. आमच्याकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये टेलिग्रामचे चॅनेल, त्यात पीडीएफ, त्याशिवाय यूट्यूबची 'नंतर पाहा' यादी, जिचा तळ कुणालाच दिसलेला नाही. सेव्ह केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, हीच गोम आहे. माझ्या शेजारच्या टेबलवरचा मित्र चालू घडामोडींच्या लिंका महिनावार फोल्डरात इतक्या नीट लावतो की बघत राहावं. वाचतो मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि तेही माझ्या वहीतून.

मी जे करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. लिंक साठवताना तिच्यावर प्रश्न लिहितो, माहिती नाही. म्हणजे "कोयनेचं पाणी पश्चिमेला का वळवलं?" असा. रविवारी यादी उघडतो, नुसते प्रश्न वाचतो. उत्तर आलं तर लिंक उडवतो. नाही आलं तरच उघडतो. यादी फुगतच नाही. तुमच्या पोरांच्या फॉर्ममध्ये हा एक रकाना घालून बघा ताई, शेवटी वर्गात प्रश्नमंजुषा घ्यायला आयते प्रश्न मिळतील.

झेडपी_मास्तर

बाई, मी दुर्गम भागात पाचवी ते सातवीला शिकवतो, आमच्याकडे रेंज झाडावर. म्हणून मी दुसऱ्या टोकाचं सांगतो. लिंक उघडणारच नसेल तर ती जमवून काय उपयोग? मी तालुक्याला गेलो की उतरवून आणतो. किविक्स नावाचं ॲप आहे, त्यात मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये मिळतो, नेटशिवाय चालतो, शोधही चालतो. पीएचईटी नावाच्या साइटवरचे विज्ञानाचे प्रयोग मराठीत आहेत आणि एकेक फाइल उतरवून पेनड्राइव्हवरून चालतात. अरविंद गुप्तांच्या साइटवर खेळण्यांच्या कृती आणि मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. लॅबच्या प्रत्येक मशीनवर 'आधी हे बघा' नावाचा एकच फोल्डर ठेवलाय, त्यात या फाइली आणि कोणती कशासाठी ते सांगणारा एक कागद. छापलेला कागद, सीपीयूवर चिकटवलेला. मला विचाराल तर तोच आमचा बुकमार्क.

पॅडलेट नावाचा ऑनलाइन फळा वापरून पाहिला होता. मुलांना जाम आवडतं, भिंतीवर चिठ्ठ्या लावल्यासारखं दिसतं. पण मोफत खात्यात फळे मोजकेच मिळतात, त्यामुळे नवा धडा आला की जुना फळा पुसा.

आणि मुलांची नावं, फोटो कुठल्याही खुल्या पानावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठराच्या आतले सगळे बालकच धरलेत आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. गट क्रमांकावर भागवा. आमच्या केंद्रप्रमुखांचा फोन येण्याआधी केलेलं बरं.

वाशिष्ठीकाठची_बाई

खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी फॉर्म केला. ग्रंथपाल सरांचे रकाने, अभ्यासिकेचा प्रश्नाचा रकाना, नावाऐवजी गट क्रमांक. पहिल्याच दिवशी "छान माहिती आहे" अशी कार्डं आली, ती सरांच्या सल्ल्याप्रमाणे परत पाठवली. गाळवाल्या गटातल्या एका मुलीने मग लिहिलं, "व्हिडिओत गाळ काढतानाचं पोकलेन दिसतंय, पण तो पुरानंतरचा आहे. पुराआधी गाळ होता हे यातून कळत नाही." मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. बाकीचे जरा गप्प झाले आणि मग धरणवाले आपली कार्डं परत मागायला लागले, दुरुस्त करायला.

विरुद्ध बाजूच्या लिंकेवर मात्र कुरकुर आहे. "बाई, आम्हीच आमच्याविरुद्ध कशाला शोधायचं?" बघते कसं जमतंय ते.

आता अडचण वेगळीच आली. एकच बातमी तीन गटांनी पाठवलीये आणि शीटमध्ये ती तीन वेगळ्या लिंका म्हणून दिसते. डोळ्यांनी शोधत बसले तर वर्ष जाईल. शिवाय दोन लिंका एवढ्या लांब आहेत की रकाना फाटतोय.

वाईकर_ग्रंथपाल

त्या बातम्या फेसबुकवरून किंवा ॲपमधून शेअर झालेल्या असणार. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे भलीमोठी शेपटी लागते, ती कुठून आलात ते मोजायला असते. बातमीचं पान तिच्याशिवायही उघडतं. प्रश्नचिन्हापासून पुढचं कापून टाका, मग तिन्ही लिंका सारख्या दिसतील आणि शीटच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावलंत की दुबार ओळी आपोआप रंगतील. दुबार सापडल्या म्हणून लगेच गाळू नका, तिघांनी खाली काय लिहिलंय ते आधी शेजारी ठेवून वाचा.

कापताना एक सांभाळा. यूट्यूबच्या लांब लिंकेत प्रश्नचिन्हानंतरच व्हिडिओची ओळख असते, तिथे सरसकट कात्री चालवलीत तर सगळे व्हिडिओ यूट्यूबच्या मुखपृष्ठावर जातील. शेअर बटणातून आलेली छोटी लिंक असेल तर मात्र तिचं प्रश्नचिन्हापुढचं खुशाल कापा. काही सरकारी साइटही पानाचा क्रमांक प्रश्नचिन्हापुढेच ठेवतात, म्हणून कापल्यावर एकदा उघडून बघायचं आणि मगच शीटमध्ये पुढे सरकवायचं.